उणे ८० अंशांची पेटी आणि गोव्याचा उकाडा: शीतक व कॉम्प्रेसर निवडताना

भारताने २०२१ मध्ये ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्यानुसार थंडाव्यासाठी यंत्रांत भरल्या जाणाऱ्या हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गातील वायूंचा देशातील वापर २०२८ मध्ये ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. या विषयाची बातमी आली की चर्चा घरातला एसी आणि फ्रिज यांच्याभोवतीच फिरते. मात्र याच वर्गातले सर्वांत तीव्र वायू ज्या यंत्रात भरलेले असतात, ते यंत्र सामान्य माणसाच्या नजरेस क्वचितच पडते. रक्ताचे आणि ऊतींचे नमुने, जनुकीय सामग्री, जिवाणूंचे संवर्ध आणि काही लशी उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास साठवणारी अतिशीत पेटी हे ते यंत्र. करोनाच्या साथीत फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ६० ते उणे ८० अंशांची साठवण लागते हे कळले, तेव्हा अनेकांनी या तापमानाविषयी पहिल्यांदा ऐकले.

गोव्यात अशा पेट्यांची गरज नवी नाही. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले औषधनिर्माते अशा संस्थांचे काम नमुने टिकण्यावर अवलंबून असते. आता टेबलाखाली मावतील अशा लहान पेट्याही उपलब्ध आहेत, त्यामुळे छोटी रोगनिदान केंद्रे आणि महाविद्यालयेसुद्धा त्यांचा विचार करू शकतात. खरेदीच्या वेळी बहुधा दोनच आकडे विचारले जातात: किती लिटर आणि किती उणे. माझ्या मते तिसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पेटी ज्या खोलीत ठेवायची त्या खोलीचे तापमान. शीतक कोणते आणि कॉम्प्रेसर कोणता, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पेटीच्या आतल्या थंडीइतकीच बाहेरच्या उकाड्यावर ठरतात. ते कसे, हे समजून घेणे अवघड नाही.

थंडी म्हणजे उचलून बाहेर टाकलेली उष्णता

कोणताही फ्रिज थंडी निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या हवेत टाकतो. हे काम करणारा, नळ्यांतून फिरणारा पदार्थ म्हणजे शीतक. दुरुस्ती करणारे मेकॅनिक त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. आतल्या नळीत कमी दाबाखाली शीतक उकळते आणि उकळताना आसपासची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ ओढून दाबतो, त्यामुळे ती तापते. मागच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती खोलीच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून जाताना तिचा दाब पडतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

यातून दोन अटी निघतात. आतल्या तापमानापेक्षाही खाली शीतक उकळले पाहिजे आणि बाहेरच्या तापमानापेक्षा वर ते द्रवरूप झाले पाहिजे. घरच्या फ्रीजरमध्ये आत उणे १८ आणि बाहेर ३२ अंश धरले, तर हे अंतर ५० अंशांचे असते. अतिशीत पेटीत ते ११२ अंशांचे होते. निसर्गनियमाने घातलेली मर्यादा पाहिली तर पहिल्या स्थितीत एक युनिट वीज खर्चून जास्तीत जास्त पाच युनिट उष्णता उचलता येते, आणि दुसऱ्या स्थितीत पावणेदोन युनिटांपेक्षाही कमी. प्रत्यक्ष यंत्र या आदर्शापासून बरेच दूर असते, त्यामुळे अतिशीत पेटीत एका युनिट विजेत अर्धे युनिट उष्णता उचलली गेली तरी ते चांगले काम मानावे लागते.

मग जास्त ताकदीचा कॉम्प्रेसर लावून भागणार नाही का?

हा सर्वांत स्वाभाविक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच नीट कळते. प्रोपेन हे उत्तम शीतक आहे. वातावरणाच्या दाबाला ते उणे ४२ अंशांवर उकळते आणि शीतकांच्या यादीत त्याचा क्रमांक आर-२९० आहे. पेटी उणे ८० अंशांवर ठेवायची तर आतली नळी साधारण उणे ८६ अंशांवर हवी. त्या तापमानाला प्रोपेन उकळवायचे असेल तर नळीतला दाब ०.१ बारपेक्षाही खाली (वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो) न्यावा लागतो, म्हणजे जवळजवळ निर्वातच. बाहेर खोली ३२ ते ३४ अंशांवर असताना कंडेन्सरमध्ये शीतक ४५ अंशांच्या आसपास द्रवरूप होते आणि तिथे दाब १५ बारच्या वर असतो. म्हणजे कॉम्प्रेसरने वायूचा दाब एका फेऱ्यात दीडशे पटींहून अधिक वाढवायला हवा. लहान सीलबंद कॉम्प्रेसरला दहा-बारा पट झेपते, ओढूनताणून थोडे अधिक. शिवाय इतक्या कमी दाबाला वायू इतका विरळ होतो की पिस्टनच्या प्रत्येक फेरीत हाती लागणारे वजन नगण्य ठरते. मोठा कॉम्प्रेसर लावला तरी त्याची मोटर थंड ठेवण्यापुरता वायूसुद्धा परत येत नाही, आणि सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये मोटरला थंड ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी परत येणारा हाच वायू करत असतो.

मग उणे ८६ अंशांवर सहज उकळणारा दुसरा वायू का घेऊ नये? इथेन, म्हणजे आर-१७०, वातावरणाच्या दाबाला उणे ८९ अंशांच्या आसपास उकळतो. पेटीच्या बाजूने पाहिले तर तो अगदी योग्य आहे. पण प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो वायू द्रवरूप होत नाही. इथेनचे क्रांतिक तापमान सुमारे ३२ अंश आहे. पणजीत मे महिन्याच्या दुपारी सावलीतला पारा त्याच्याही वर जातो. म्हणजे गोव्याच्या उन्हाळी हवेत उष्णता टाकून इथेनला द्रवरूप करणे केवळ कठीण नव्हे, अशक्य आहे. पूर्वीपासून वापरात असलेल्या आर-२३ चे क्रांतिक तापमान २६ अंश, इथिलीनचे ९ अंश आणि आर-५०८बी या मिश्रणाचे १५ अंशांच्याही खाली आहे. अतिशीत तापमानाला उपयोगी पडणारे बहुतेक सगळे वायू आपल्या खोलीत द्रवरूप व्हायला नकार देतात.

यावरचा मार्ग गोव्यात विहीर खणताना पाहिलेल्या कोणालाही कळेल. जांभ्या दगडात विहीर खोल गेली की तळाशी उभा असलेला माणूस मातीचे घमेले थेट काठावर पोहोचवू शकत नाही. तेव्हा अर्ध्या उंचीवर एक टप्पा ठेवतात, तिथे दुसरा माणूस उभा राहतो. तळचा त्याला घमेले देतो आणि तो ते काठावर टाकतो. अतिशीत पेटीत नेमके हेच होते. खालच्या फेऱ्यात इथेन पेटीतली उष्णता उचलून उणे ३२ अंशांच्या आसपास द्रवरूप होते आणि ती उष्णता वरच्या फेऱ्यातल्या प्रोपेनला देते. प्रोपेन उणे ३८ अंशांवर उकळून ती घेते आणि खोलीच्या हवेत टाकते. दोन फेऱ्यांतले वायू एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त एका सामाईक उष्णता-विनिमयकात त्यांच्या नळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. या रचनेला कॅस्केड म्हणतात. आता आकडे पाहा: इथेनच्या फेऱ्यात दाब सुमारे १.२ बारवरून १० बारवर जातो, म्हणजे आठ-नऊ पट, आणि प्रोपेनच्या फेऱ्यात १.२ वरून १५ बारवर, म्हणजे बारा-तेरा पट. दोन्ही कामे घरगुती फ्रिजच्या जातीच्या कॉम्प्रेसरांच्या आवाक्यात येतात.

प्रत्येक शीतगृहाला दोन टप्पे लागतात असे मात्र नाही. हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे उणे २० अंशांत जपले जातात. ते तापमान एका टप्प्याच्या यंत्रणेच्या आवाक्यातले आहे. दोन टप्प्यांचा खर्च आणि गुंतागुंत केवळ गरज असेल तिथेच पत्करावी.

कोणती जोडी घ्यावी?

अनेक वर्षे प्रचलित असलेली जोडी म्हणजे वर आर-४०४ए आणि खाली आर-५०८बी किंवा आर-२३. हे वायू जळत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. त्याआधीचे क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनचा थर विरळ करत असल्याने माँट्रियल कराराने मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी हे आले. ओझोनला ते अपाय करत नाहीत, पण पृथ्वी तापवण्याची त्यांची क्षमता प्रचंड आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो कार्बन डायऑक्साइडचा परिणाम १ धरला तर प्रचलित तक्त्यांत आर-४०४ए चा परिणाम ३,९२२, आर-५०८बी चा १३,३९६ आणि आर-२३ चा १४,८०० दिला आहे. प्रोपेन आणि इथेन यांचे आकडे दहाच्याही आत आहेत.

येथे एक रास्त आक्षेप येतो. युरोपीय संघाने २०२० पासून तीव्र परिणामाच्या हायड्रोफ्लुरोकार्बनवर चालणारी नवी शीतयंत्रे बंद केली, तेव्हा उणे ५० अंशांखालच्या यंत्रांना त्याच नियमात सूट दिली होती. मग आपणच घाई का करावी? माझे उत्तर असे की, सूट दिली त्या वेळी पर्याय पुरेसे रुळलेले नव्हते. आज प्रोपेन-इथेनच्या पेट्या बाजारात सर्रास मिळतात आणि त्या विजेतही बचत करतात. अतिशीत पेटी दहा-पंधरा वर्षे चालते. आज घेतलेली पेटी २०३८-३९ मध्ये दुरुस्त करायची वेळ आली, तर तोपर्यंत देशातला हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २० टक्क्यांनी घटवण्याचा २०३७ चा टप्पा उलटून गेलेला असेल. त्या वेळी आर-५०८बी कोणत्या भावाने आणि किती दिवसांनी हाती येईल याचा विचार आजच्या खरेदीत व्हायला हवा.

घरच्या नव्या फ्रिजमध्ये असणारा आयसोब्युटेन, आर-६००ए, इथे वरच्या टप्प्यालाही चालत नाही. तो उणे १२ अंशांवर उकळतो, त्यामुळे उणे ३८ अंशांवर त्याचा दाब वातावरणाच्या खाली जातो आणि कुठे बारीक गळती झाली तर दमट हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातल्या गोव्यात ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

हे तर जळणारे वायू! प्रयोगशाळेत ठेवायचे?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रोपेन हवेत २.१ टक्के आणि इथेन ३ टक्के झाले की ठिणगीने पेट घेऊ शकते. पण प्रमाण किती, हे पाहिले पाहिजे. लहान पेटीत प्रत्येक फेऱ्यात शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत वायू असतो; घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. १५० ग्रॅम प्रोपेन पूर्ण गळून हवेत समान मिसळला, तर पेट घेण्याइतके प्रमाण होण्यासाठी खोली चार घनमीटरपेक्षा लहान असायला हवी. तीन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली २७ घनमीटरची असते.

तरीही तीन गोष्टींत तडजोड नको. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून पेटी तळघरात, खड्ड्यात किंवा हवा न खेळणाऱ्या कोंडलेल्या कपाटखोलीत ठेवू नये. पेटीतले रिले, थर्मोस्टॅट आणि पंखे ठिणगी न उडवणाऱ्या प्रकारचे आहेत असे निर्मात्याने लेखी सांगितलेले असावे. आणि दुरुस्तीच्या वेळी, झाळ मारण्याआधी, नळ्यांतला वायू सुरक्षितपणे काढून त्या नायट्रोजनने धुऊन घेतल्याच पाहिजेत. अपघाताचा खरा धोका पेटी चालू असतानापेक्षा दुरुस्तीच्या त्या तासाभरात असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस प्रोपेन म्हणून भरण्याचा मोह कोणी सुचवला तर त्याला ठामपणे नकार द्यावा. त्यात ब्युटेन, वासासाठी घातलेली गंधकयुक्त रसायने आणि ओलावा असतो. तो ना ठरलेल्या दाबाला उकळतो, ना कॅपिलरीला मोकळे ठेवतो.

कॉम्प्रेसर: आकारापेक्षा जुळणी

आधी गरज मोजावी. आतून ४० सेंटिमीटर बाजूची घनाकार पेटी घ्या, म्हणजे ६४ लिटरची. भिंतीत १० सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असेल तर ११२ अंशांच्या फरकाने भिंतींतून सुमारे ३७ वॅट उष्णता सतत आत झिरपते. दार, गॅसकेट आणि तारा धरून ५० वॅट म्हणू. कॉम्प्रेसरला दोनतृतीयांश वेळच चालावे लागावे, असे धरले तर यंत्रणेची क्षमता उणे ८६ अंशांवर ७५ वॅट हवी. हा आकडा वाचकांना लहान वाटेल आणि तो लहानच आहे. एवढे काम करायला इथेनच्या फेऱ्यात सेकंदाला साधारण पाव ग्रॅम वायू फिरला तरी पुरते, आणि त्यासाठी पाच ते सहा घनसेंटिमीटर विस्थापनाचा (पिस्टनच्या एका फेरीत ओढल्या जाणाऱ्या वायूच्या आकारमानाचा), म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये असतो तेवढाच कॉम्प्रेसर लागतो.

वरच्या टप्प्याचा कॉम्प्रेसर मात्र याच्या जवळपास दुप्पट लागतो. त्याला पेटीतली उष्णता तर वाहायची असतेच, शिवाय खालच्या कॉम्प्रेसरने वायू दाबताना घातलेली ऊर्जाही वाहायची असते आणि तेही गोव्याच्या उकाड्यात. दोन्ही टप्प्यांत एकाच आकाराचे कॉम्प्रेसर बसवणे हिशेबाला सोयीचे वाटते. पण मग वरचा सतत धापा टाकत चालतो आणि मधले तापमान हळूहळू चढत जाऊन इथेन नीट द्रवरूपच होत नाही.

कॅटलॉग वाचताना एक सावधगिरी बाळगावी. लहान कॉम्प्रेसरची क्षमता बहुधा शीतक उणे २३.३ अंशांवर उकळते आणि ५४.४ अंशांवर द्रवरूप होते, अशा प्रमाणित स्थितीत दिलेली असते. उणे ३८ अंशांवर तीच क्षमता निम्म्याहून बरीच खाली येते, कारण वायू विरळ होतो. म्हणून मुखपृष्ठावरचा आकडा न घेता निर्मात्याचा पूर्ण तक्ता मागवून उणे ३५ ते उणे ४० अंशांची ओळ पाहावी. तक्ता तिथपर्यंत जातच नसेल तर तो कॉम्प्रेसर या कामाचा नाही, असे समजावे. फ्रीजरसाठी बनवलेले ‘लो बॅक प्रेशर’, म्हणजे कमी दाबाचा वायू ओढणाऱ्या, जातीचेच कॉम्प्रेसर यात येतात. पाण्याच्या कूलरचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर कमी दाबाला आपली मोटर जाळून घेतो.

खालच्या टप्प्याची एक वेगळीच अडचण आहे. यंत्र बंद पडून खोलीच्या तापमानाला आले की इथेन सगळाच्या सगळा वायुरूप होतो आणि नळ्यांतला दाब वाढतो. ६० ग्रॅम इथेन पाच लिटर जागेत ३२ अंशांवर सुमारे १० बार दाब देतो. तोच दोन लिटरांत कोंडला तर दाब २० बारच्या वर जातो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना मोटर अडकते. म्हणून खालच्या फेऱ्याला काही लिटरांची रिकामी टाकी जोडतात, तिला विस्तार-टाकी म्हणतात. भरलेल्या इथेनचे वजन अचूक तराजूवर मोजावे लागते. अंदाजाने, दाबाचा काटा पाहून गॅस भरण्याची सवय इथे घातक ठरते. सुरू करण्याचा क्रमही ठरलेला असतो: आधी वरचा फेरा, मधला उष्णता-विनिमयक उणे ३० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर मग खालचा. वीज जाऊन परत आल्यावर दोन्ही कॉम्प्रेसर एकदम सुरू होणारी पेटी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वेग बदलणारे, इन्व्हर्टर जातीचे कॉम्प्रेसर थोडे महाग असतात, पण माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. ते सुरू होताना विजेचा झटका घेत नाहीत, कमी-जास्त व्होल्टेजला त्यांची चालक यंत्रणा बऱ्यापैकी सांभाळून घेते आणि दार न उघडलेल्या रात्री ते मंद वेगाने चालून वीज वाचवतात. पावसाळ्यात झाडे तारांवर पडून वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागात पहिल्या गुणाचे मोल फार आहे.

तेल आणि ओलावा

कॉम्प्रेसरमधले तेल वायूबरोबर थोडे थोडे पुढे जातेच. घरच्या फ्रिजमध्ये ते फिरून परत येते. उणे ८६ अंशांवर मात्र ते मेणासारखे घट्ट होते आणि कॅपिलरीत अडकते. म्हणून खालच्या टप्प्यात कॉम्प्रेसरनंतर लगेच वायूतले तेल वेगळे करणारा ऑइल सेपरेटर हवा. त्यातूनही निसटलेले तेल विरघळवून परत आणण्यासाठी काही निर्माते खालच्या वायूत थोडा प्रोपेन किंवा पेंटेन मिसळतात. हायड्रोकार्बन वायू खनिज तेलात सहज विरघळतात, हा प्रोपेन-इथेन जोडीचा आणखी एक फायदा. हायड्रोफ्लुरोकार्बनबरोबर वापरावे लागणारे पॉलिएस्टर तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, आणि जुलैमध्ये किनारपट्टीवर त्याचा डबा काही मिनिटे उघडा राहणेही परवडत नाही.

ओलाव्याचा एखादा थेंबही कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतो. पेटी थंड होत होत अचानक थांबते, बंद करून ठेवली की बर्फ वितळतो, पुन्हा चालू केली की काही तास बरी चालते आणि पुन्हा तेच. अशा वेळी ‘गॅस कमी झाला’ असे निदान करून आणखी गॅस भरला जातो आणि दुखणे वाढते. ओलावा शोषणारा नवा ड्रायर बसवणे आणि निर्वात मोजणाऱ्या मायक्रॉन मापकावर खोल निर्वात धरून ते टिकते की नाही हे पाहणे, हाच इलाज आहे. दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाकडे मायक्रॉन मापक आणि ग्रॅम दाखवणारा तराजू आहे का, हे दोन प्रश्न विचारायला संस्थेने संकोचू नये.

एकाच कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या पेट्या आणि इतर पर्याय

दोन कॉम्प्रेसर टाळण्याचा मार्ग आहे. वेगवेगळ्या तापमानांना उकळणाऱ्या वायूंचे मिश्रण एकाच कॉम्प्रेसरने फिरवायचे. आधी द्रवरूप होणारा घटक वेगळा काढून त्याच्या थंडाव्याने पुढचा घटक द्रवरूप करायचा. सोव्हिएत संशोधक क्लिमेंको यांनी १९५९ मध्ये हे चक्र मांडले. यंत्र आटोपशीर होते, पण मिश्रणाचे प्रमाण अगदी काटेकोर लागते. बारीक गळतीत हलका घटक आधी निसटतो, प्रमाण बिघडते आणि मग नुसता गॅस भरून चालत नाही, सगळे मिश्रण काढून नव्याने भरावे लागते. ज्या निर्मात्याची सेवा गोव्यात सहज मिळत नाही, त्याची अशी पेटी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि न जळणारा असल्याने त्याच्याविषयी विचारणा होते. तो उणे ५६.६ अंशांखाली द्रवरूपात राहतच नाही, थेट घन होतो, म्हणजे नळीत कोरडा बर्फ साचतो. उणे ५० पर्यंत तो चांगला, त्याखाली नाही. वीज वाहिली की एका बाजूने थंड होणाऱ्या पेल्टिअर पट्ट्या या अंतरासाठी दुबळ्या पडतात. आतला हेलियम आळीपाळीने दाबून आणि प्रसरण पावू देऊन थंडावा देणारी स्टर्लिंग इंजिने मात्र खरोखर चांगले काम करतात. त्यांत शीतक उकळवून द्रवरूप करण्याची गरजच नसते आणि वीजही कमी लागते. किंमत आणि दुरुस्तीची सोय एवढीच अडचण आहे.

खोली हा यंत्रणेचाच भाग आहे

कंडेन्सरवर धूळ साचली आणि शीतक ४५ ऐवजी ५५ अंशांवर द्रवरूप होऊ लागले, तर प्रोपेनचा दाब १५ वरून १९ बारवर जातो आणि दाबाचे गुणोत्तर तेरावरून सोळाच्या आसपास पोहोचते. पेटीच्या दर्शनी काट्यावर यातले काही दिसत नाही. तिथे उणे ८० च दिसत राहते, फक्त कॉम्प्रेसर चोवीस तास चालू लागतो आणि एका दुपारी बंद पडतो. कंडेन्सरची जाळी दर महिन्याला साफ करण्याचे काम कोणाचे, हे संस्थेत नावानिशी ठरलेले असावे. समुद्राजवळच्या इमारतींत खारट हवेने ॲल्युमिनियमची पाने काही वर्षांत भुरभुरतात, त्यामुळे लेप दिलेला कंडेन्सर मागून घ्यावा.

‘आमच्या खोलीत एसी आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. दिवसाला दहा युनिट वीज खाणारी पेटी ती सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत टाकते आणि ती बाहेर काढायला एसी आणखी तीनेक युनिटे खर्च करतो. तीन-चार पेट्या एका छोट्या खोलीत असतील आणि एसी रात्री बंद पडला, तर खोलीचे तापमान काही तासांत ४० च्या वर जाऊ शकते. म्हणून खरेदीच्या कागदांत ‘३५ अंशांच्या खोलीत उणे ८० टिकवते’ असे आश्वासन लेखी असावे. अनेक माहितीपत्रकांतले आकडे २५ अंशांच्या खोलीतले असतात.

शिवाय, नमुन्यांना खरोखर उणे ८० लागते का हेही तपासावे. अनेक प्रकारच्या नमुन्यांना उणे ७० पुरते, आणि एवढ्या दहा अंशांनी वीजखर्च साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांश कमी होतो. कॉम्प्रेसरवरचा ताण त्याच प्रमाणात हलका होतो. वीज गेल्यावर तापायला मिळणारा अवधी थोडा घटतो हे खरे, म्हणून ज्या संस्थेकडे जनरेटर किंवा द्रवरूप नायट्रोजनचा आधार नाही तिने हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

जुन्या पेटीचे काय करायचे?

नवी पेटी आली की जुनी भंगारात जाते आणि नळी कापली की आतला वायू हवेत निघून जातो. पाव किलो आर-५०८बी असा सोडला तर त्याचा परिणाम सुमारे ३.३ टन कार्बन डायऑक्साइडएवढा होतो, म्हणजे चौदाशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका. नवी, स्वच्छ शीतकाची पेटी घेऊन जे साधले जाणार असते, त्याचा मोठा भाग अशा एका कापणीत वाया जातो. म्हणून नव्या पेटीच्या निविदेतच जुन्या पेटीतला वायू रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेण्याची अट आणि त्याचे वजन नोंदवलेली पावती यांचा समावेश करावा, आणि ती पावती हाती येईपर्यंत जुनी पेटी आवाराबाहेर जाऊ देऊ नये.